पंगतीतून उठताना हात टेकावा लागतो: उतारवयातील स्नायूक्षय, व्यायाम आणि खुराक (चर्चेचा धागा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचे टोपणनाव)

रंकाळाफेरी

गेल्या वैशाखात भाच्याच्या घरच्या वास्तुशांतीला बऱ्याच दिवसांनी पंगतीत मांडी घालून बसलो. जेवण व्यवस्थित झाले, पण उठायची वेळ आली तेव्हा एक हात जमिनीला आणि दुसरा शेजाऱ्याच्या खांद्यावर टेकल्याशिवाय मला उठता आले नाही. माझे वय ६९, वजन ६२ किलो. साखर आणि रक्तदाब औषधाने आटोक्यात आहेत. रोज पहाटे कोल्हापूरच्या रंकाळा तलावाला एक पूर्ण फेरी होते आणि गेल्या अकरा वर्षांत ती क्वचितच चुकली आहे. त्यामुळे आपली प्रकृती ठणठणीत आहे अशी माझी पक्की समजूत होती. वजन वीस वर्षे जसेच्या तसे आहे, याचाही मला अभिमान होता. मात्र त्या दिवशी घरी आल्यावर लक्षात आले की विजार कंबरेला घट्ट आणि मांडीला सैल होत चालली आहे. म्हणजे काटा एकच आकडा दाखवत राहिला आणि आत मांसाची जागा चरबीने घेतली.

त्यानंतर या विषयावर जमेल तेवढे वाचले. वयानुसार स्नायू आणि त्यांची ताकद घटण्याला सार्कोपेनिया म्हणतात. आयर्विन रोझेनबर्ग यांनी १९८९ साली ग्रीक भाषेतील ‘मांस’ आणि ‘उणीव’ या दोन शब्दांवरून हे नाव सुचवले. तिशीनंतर दर दशकाला साधारण ३ ते ८ टक्के स्नायू कमी होतात, साठीनंतर हा वेग वाढतो, आणि ताकद तर स्नायूंच्या आकारमानापेक्षाही लवकर उतरते. स्नायूंना आज्ञा देणाऱ्या मज्जापेशी हळूहळू गळतात आणि झटकन जोर लावणारे तंतू आधी बारीक होतात. ठेच लागल्यावर तोल सावरायला नेमके तेच तंतू लागतात. म्हातारपणी माणूस पडतो तो केवळ डोळ्यांना कमी दिसते म्हणून पडत नाही, हे मला तेव्हा उमगले.

आशियाई तज्ज्ञांच्या गटाने २०१९ साली जे निकष ठरवले, त्यांतील दोन चाचण्या घरी करता येतात. हात छातीशी घडी करून खुर्चीवरून सलग पाच वेळा उठायचे आणि बसायचे. १२ सेकंद किंवा त्याहून अधिक वेळ लागला तर सावध व्हायचे. पोटरीचा सर्वांत जाड भागी घेर मोजायचा. पुरुषांत ३४ आणि स्त्रियांत ३३ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर पुढची तपासणी करून घ्यायची. मला उठबशीला १७ सेकंद लागले आणि पोटरी साडेबत्तीस भरली. दोन्ही ठिकाणी नापास.

माझा प्रश्न असा आहे की, रोज एवढे चालूनही हे का झाले आणि आता या वयात ते कितपत भरून निघते? ज्यांचा प्रत्यक्ष अनुभव किंवा अभ्यास आहे त्यांनी लिहावे.

दूधकट्टा

काका, कोल्हापुरात राहून खुराक कमी पडतो हे मनाला पटत नाही. मी ७२ वर्षांचा आहे. गंगावेशीत समोर काढलेले म्हशीचे धारोष्ण दूध रोज एक पेला घेतो आणि रविवारी पांढऱ्या रश्श्याच्या दोन-तीन वाट्या होतात. दात राहिले नसल्यामुळे मटणाच्या फोडी मात्र नातवाच्या ताटात जातात. रश्श्यात सगळे सत्त्व उतरलेले असते, तेव्हा फोडी न खाल्ल्याने काही बिघडत नाही, असे मी धरून चाललो आहे.

आहारवही

मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते आणि दूधकट्टा यांनी जे लिहिले तेच मला आठवड्यातून चार वेळा ऐकायला मिळते, म्हणून आधी त्याविषयीच लिहिते. रश्श्यात चव, मीठ, चरबी आणि हाडांतून सुटलेले जिलेटिन उतरते. स्नायू बांधणारी प्रथिने फोडीतच राहतात. शिजलेल्या शंभर ग्रॅम मटणात २५ ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. प्रथिने ज्या अमिनो आम्लांची बनतात त्यांपैकी ट्रिप्टोफॅन जिलेटिनमध्ये नसते आणि ल्युसिनही फारच थोडे असते, त्यामुळे त्याचा स्नायूंना विशेष उपयोग होत नाही. थोडक्यात, नातवाला खुराक मिळतो आणि आजोबांना त्याचा वास. दात नसतील तर खिमा करावा, मासे खावेत किंवा अंडी उकडून कुस्करावीत. पण रश्श्यावर भागवू नये. दुधाविषयी मात्र आपले बरोबर आहे. म्हशीच्या पेलाभर दुधात नऊ-दहा ग्रॅम उत्तम प्रथिने असतात. फक्त ते उकळून प्यावे, कारण कच्च्या दुधातून होणारा ब्रुसेलोसिससारखा आजार उतारवयात फार दमवतो.

आता मूळ प्रश्नाकडे येते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली निरोगी प्रौढासाठी वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनांची शिफारस केली. वृद्धांचा विचार करणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने २०१३ साली १ ते १.२ ग्रॅम, आणि आजारपण असेल तर १.२ ते १.५ ग्रॅम असे सुचवले. याचे कारण असे की, तरुण स्नायू थोड्या प्रथिनांनीही जागा होतो, तर वयस्क स्नायू एका वेळी २५-३० ग्रॅम मिळाल्याखेरीज नीट प्रतिसाद देत नाही. म्हणून दिवसभराच्या बेरजेइतकीच प्रत्येक जेवणाची वाटणीही महत्त्वाची आहे.

रंकाळाफेरी काका, आपल्या पिढीचा आपल्याकडचा नेहमीचा दिवस मी मांडून पाहते. सकाळी चहा-खारी आणि पोहे, दुपारी ज्वारीच्या दोन भाकऱ्या, पातळ आमटी, भाजी आणि ताक, संध्याकाळी पुन्हा चहा, रात्री ‘हलके’ म्हणून दूधभात. याची बेरीज चाळीस ग्रॅमच्या पुढे क्वचितच जाते आणि त्यातले निम्मे दुपारीच येऊन गेलेले असते. आपल्या वजनाला ६२ ते ७४ ग्रॅम हवेत. रात्रीचे हलके जेवण हा शब्दप्रयोग आपण जपून वापरला पाहिजे, कारण पोटाला हलके ठेवण्याच्या नादात रात्रभराच्या बारा तासांसाठी स्नायूंना आपण काहीच शिल्लक ठेवत नाही.

मी सुचवेन ते असे. सकाळी दोन अंडी आणि पेलाभर दूध म्हणजे बावीसच्या आसपास. दुपारी भाकऱ्या तशाच ठेवाव्यात, पण आमटीऐवजी मूठभर कोरड्या मटकीची किंवा मसुराची घट्ट उसळ आणि वाटीभर दही घ्यावे, म्हणजे सत्तावीस-अठ्ठावीस. चार वाजता खारीच्या जागी मूठभर भाजलेले शेंगदाणे, सात ग्रॅम. रात्री भाकरी-पिठले आणि अर्धी वाटी दही. अमिनो आम्लांपैकी भाकरीत लायसिन कमी असते व कडधान्यात मेथिओनिन, आणि दोन्ही एकत्र आली की परस्परांची उणीव भरून निघते. भाकरी-पिठल्याची जोडी जमवणाऱ्यांना ही नावे ठाऊक नव्हती, पण हिशेब चुकला नाही. अंडी चालत नसतील तर पनीर, सोयाबीनच्या वड्या किंवा मुगाची धिरडी करावीत. उपवास करणाऱ्यांना एकच विनंती आहे: साबुदाण्यात प्रथिने जवळजवळ नसतातच, तेव्हा शेंगदाणे, दूध आणि दही यांवर भर द्यावा.

लाल माती

मी तरुणपणी शहरातल्या एका तालमीत पाच वर्षे काढली. आज वय ७१ आहे. आमचे वस्ताद म्हणायचे, ‘मांड्या गेल्या की गडी गेला.’ आम्ही ते कुस्तीपुरते ऐकले आणि नोकरी लागताच विसरलो. मला खंत याची वाटते की, ज्या शहरात राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने घरोघर पैलवान तयार झाले, जिथे खुराक आणि मेहनत हे शब्द आजही रोजच्या बोलण्यात आहेत, तिथे साठी उलटलेला माणूस मात्र व्यायाम म्हणून केवळ चालतो.

मी पासष्टाव्या वर्षी पुन्हा बैठका सुरू केल्या आणि पहिल्याच आठवड्यात चूक केली. जुना हिशेब डोक्यात असल्याने एकदम पन्नास बैठका मारल्या आणि पुढे दहा दिवस जिना उतरता आला नाही. त्यानंतर शहाणपण आले. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवरून उठबस, दहा-दहाच्या दोन खेपा, दिवसाआड. ते सोपे वाटू लागल्यावर पिशवीत दोन किलो तांदूळ घालून ती छातीशी धरली, पुढे चार किलो. जोर भिंतीवर हात टेकून सुरू केले, मग स्वयंपाकाच्या ओट्यावर, आणि आता पाटावर येऊन पोहोचलो आहे. जमिनीवरच्या जोरांची घाई नाही. तालमीत वजन वाढवत नेण्याला जे महत्त्व होते तेच इथे आहे. तेवढ्याच दहा उठाबशा वर्षभर काढत राहिल्या तर पहिल्या दोन महिन्यांनंतर हाती फारसे काही लागत नाही.

फिजिओताई

लाल माती काकांनी मर्म नेमके पकडले आहे. रंकाळाफेरी काका, आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्यातच आहे. सपाट रस्त्यावर चालताना मांडीच्या स्नायूंना त्यांच्या ताकदीचा फारच थोडा भाग वापरावा लागतो. हृदय, साखर आणि मन यांसाठी चालणे उत्तम आहे आणि ते सोडू नये, परंतु ज्या कामाला जोर लागत नाही त्यातून जोर वाढत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली पासष्टीनंतरच्या लोकांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सांगितली. त्याबरोबरच किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम, आणि किमान तीन दिवस तोल व ताकद या दोन्हींना लक्षात घेऊन केलेला व्यायाम सांगितला. आपल्याकडे लोक त्यातील पहिला भाग तेवढा उचलतात.

या वयात भरून निघते का, असे आपण विचारले आहे. बोस्टनमधील एका वृद्धाश्रमात मारिया फियातारोन आणि सहकाऱ्यांनी सरासरी नव्वद वर्षे वयाच्या दहा जणांना आठ आठवडे मांडीचा चांगला जड वजनव्यायाम दिला. एकाला मध्येच थांबावे लागले, उरलेल्या नऊ जणांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली आणि मांडीच्या स्नायूंचा घेरही भरला. हा अभ्यास १९९० साली प्रसिद्ध झाला. माणसे थोडी होती हे मान्य, पण पुढे १९९४ साली त्यांनीच शंभर जणांवर केलेल्या अभ्यासातही ताकद दुपटीहून अधिक वाढली. आपण तर त्यांच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान आहात.

पद्धतीविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण चुका तिथे होतात. खुर्चीची बैठक जमिनीपासून ४३ ते ४५ सेंटिमीटर उंच असावी. सोफा किंवा प्लास्टिकची हलणारी खुर्ची चालणार नाही. उठताना शक्य तितक्या झटकन उठावे आणि बसताना तीन-चार सेकंद घेत सावकाश बसावे. झटकन उठल्याने ते वेगवान तंतू कामाला लागतात, आणि सावकाश बसताना स्नायूला ताणत वजन पेलावे लागते, जे जिना उतरताना उपयोगी पडते. धप्पकन बसणाऱ्याचा अर्धा व्यायाम वाया जातो. आठ ते बारा वेळा केल्यावर शेवटच्या दोन उठाबशा जड जाव्यात, तेवढेच ओझे योग्य. त्याच्या जोडीला ओट्याला धरून टाचा उचलणे, पायरीवर चढ-उतार, खिडकीच्या गजाला रबरी पट्टा बांधून तो कोपर मागे नेत ओढणे, आणि दात घासताना एका पायावर उभे राहणे, एवढे घरच्या घरी पुरेसे आहे. एका पायावर उभे राहताना दुसरा हात भिंतीजवळ असू द्यावा.

जोर लावताना श्वास रोखू नये, कारण त्याने रक्तदाब क्षणात उसळतो. मोठ्याने आकडे मोजत गेले की श्वास आपोआप चालू राहतो. छातीत दुखले, भोवळ आली, किंवा नुकतीच मोतीबिंदूची अथवा हर्नियाची शस्त्रक्रिया झाली असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. गुडघे झिजले आहेत म्हणून व्यायाम बंद, हा समज मात्र उलटा आहे. मांडीचा पुढचा स्नायू बळकट झाला की गुडघ्यावरचा भार हलका होतो. खुर्चीवर एक उशी ठेवून उंची वाढवावी, म्हणजे कमी वाकावे लागते, आणि दुखणे कमी होत जाईल तशी ती काढावी.

शंकासूर

सर्व वाचून झाल्यावर एक शंका उरते. प्रथिनांचे महत्त्व वाढवत नेण्यामागे पावडरींचे डबे विकणाऱ्यांचा हात कितपत आहे? आमच्या गल्लीतल्या औषधाच्या दुकानात आता खोकल्याच्या औषधापेक्षा या डब्यांनाच जास्त जागा दिलेली दिसते.

आहारवही

शंका योग्य आहे आणि तिचे उत्तर फिजिओताईंनी उल्लेखलेल्या १९९४ च्या अभ्यासातच आहे. त्यात काही वृद्धांना व्यायाम दिला, काहींना नुसते पोषक पेय, काहींना दोन्ही आणि काहींना दोन्हींपैकी काहीच नाही. ताकद व्यायामाने वाढली. नुसत्या पेयाने वाढली नाही. डबा आणून तो आरामखुर्चीत बसून पिणाऱ्याने पैसे वाचवलेले बरे. जेवण कमी झालेल्या, आजारातून उठलेल्या किंवा चावता न येणाऱ्या माणसासाठी पावडर सोयीची असते, एवढेच तिचे स्थान आहे. अशा डब्यांवर ज्याचे नाव दिसते ते व्हे म्हणजे दुधातल्या प्रथिनांचाच साधारण पाचवा हिस्सा. पनीर करताना जे हिरवट पाणी आपण ओतून देतो त्यातही त्याचा थोडा अंश असतो. त्या पाण्यात कणीक मळावी, फुकट आहे.

पुण्यातली लेक

माझी आई ७६ वर्षांची आहे आणि राजारामपुरीत एकटी राहते. तिला मधुमेह आहे. गेल्या पावसाळ्यात न्यूमोनिया झाल्यामुळे ती एका रुग्णालयात नऊ दिवस होती. उपचार चांगले झाले, पण त्या नऊ दिवसांत तिला पलंगावरून खाली उतरवण्याचे कोणाच्याच मनात आले नाही, आणि मीही तिला ‘आराम कर’ असेच सांगत राहिले. घरी आली ती भिंत धरत. शिवाय मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे हे दाखवणारे रक्तातले क्रिएटिनिन थोडे वाढलेले असल्याने कोणीतरी डाळ बंद करायला सांगितले आणि आता ती भात, साखरेविना चहा आणि पपई यांवर आहे. तिची साखर आटोक्यात आहे, पण आई निम्मी झाली आहे.

फिजिओताई

ताई, यात आपला दोष मानू नका. आराम हा शब्द आपल्या सर्वांच्या तोंडी आहे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सरासरी ६७ वर्षे वयाच्या निरोगी माणसांना दहा दिवस अंथरुणात झोपवून ठेवले, तर त्यांच्या पायांतील जवळपास एक किलो चरबीविरहित वस्तुमान गेले. ती माणसे आजारी नव्हती. ज्वर आणि भूकमंदी जोडीला असताना काय होत असेल याची कल्पना करावी. डॉक्टरांची परवानगी मिळताच रुग्णाला जेवायला तरी खुर्चीत बसवावे आणि न्हाणीघरापर्यंत चालवावे, हा आग्रह नातेवाइकांनी धरला पाहिजे. आईंच्या बाबतीत आता पलंगाच्या कडेवरून, उंच बैठकीवरून, हात टेकून रोज पाच वेळा उठण्यापासून सुरुवात करा आणि पहिले काही दिवस कोणीतरी शेजारी उभे असू द्या.

आहारवही

डाळीविषयी डॉक्टरांशी आधी नीट बोलावे. क्रिएटिनिनच्या एका आकड्यावरून आहार ठरत नाही. त्यावरून काढलेला मूत्रपिंडाच्या गाळणक्षमतेचा दर आणि लघवीतून प्रथिने जातात का, हे पाहावे लागते. तो दर ३० च्या खाली असून डायलिसिस सुरू नसेल तर प्रथिनांवर खरोखरच मर्यादा येते आणि ती मूत्रपिंडतज्ज्ञानेच ठरवावी. त्याहून बरी स्थिती असेल तर सगळी डाळ काढून टाकण्याचे कारण बहुधा नसते. दुसरे असे की, जेवणानंतर रक्तातील साखर उचलून घेण्याचे मोठे काम स्नायूच करतात. स्नायू आटवून साखर आटोक्यात आणणे म्हणजे कोठार पाडून धान्याची नासाडी थांबवण्यासारखे आहे. ड जीवनसत्त्व तपासून घ्या आणि कमी असेल तर डॉक्टर सांगतील त्याच मात्रेत द्या. वर्षातून एकदाच पाच लाख युनिटचा मोठा डोस दिलेल्या वृद्ध स्त्रियांमध्ये पडण्याचे आणि हाडे मोडण्याचे प्रमाण उलट वाढल्याचे २०१० सालच्या एका अभ्यासात दिसले होते.

रंकाळाफेरी

धागा काढून चौदा आठवडे झाले, म्हणून हिशेब मांडतो. सोमवार, बुधवार आणि शुक्रवार रंकाळ्याची फेरी अर्धी करून उरलेल्या वेळात खुर्ची, ओटा आणि रबरी पट्टा असा क्रम ठेवला. पहिल्या तीन आठवड्यांत काहीच फरक जाणवला नाही आणि हा उद्योग सोडून देण्याचा विचार दोनदा मनात आला. पाचव्या आठवड्यात सिटी बसची पायरी दांडा न धरता चढलो, हे खाली उतरल्यानंतर लक्षात आले. उठबशीची वेळ १७ सेकंदांवरून साडेतेरावर आली आहे. पोटरी जवळपास तेवढीच आहे, एखादा दोरा वाढली असेल. फिजिओताईंनी सांगितले की आधी मज्जातंतू शिकतात आणि मांस मागाहून भरते, तेव्हा त्याची वाट पाहतो आहे. वजन एक किलोने वाढले आणि विजार कंबरेला सैल झाली.

आहारात मात्र मी पूर्ण उत्तीर्ण नाही. सकाळची अंडी आणि दुपारची उसळ बसली, पण रात्री भाकरी-पिठले आठवड्यातून तीनच दिवस होते. उरलेल्या दिवशी दूधभाताची ओढ सुटत नाही. त्यावर सौभाग्यवतींनी तोड काढली आहे: भात निम्मा आणि दुधाच्या आधी वाटीभर घट्ट मुगाचे वरण. तिने स्वतःचीही उठबशी मोजून घेतली. तिचे वय ६६ आणि वेळ ११ सेकंद. कारण विचारले तर म्हणाली, तुम्ही रंकाळ्याला जाता तेव्हा फरशी कोण पुसते?

दूधकट्टा यांना विचारायचे राहिले: रविवारच्या फोडी आता कोणाच्या ताटात जातात?

दूधकट्टा

खिमा सुरू केला आहे. रस्सा सोडलेला नाही. उठबशी १४ सेकंद.